डब्यावर ‘कोमट’ लिहिलंय, लेक ‘गरम’ म्हणते: पावडरचं दूध कसं द्यायचं?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आजींचा आहे. नातू 35व्या आठवड्यात जन्मला, तेव्हा वजन 2 किलो 100 ग्रॅम होतं. आता तो तीन आठवड्यांचा आहे. सुनेच्या अंगावर दूध आहे पण पुरत नाही, म्हणून डॉक्टरांनी डबा लिहून दिला. डब्यावर लिहिलंय, पाणी उकळून कोमट झाल्यावर पावडर घाला. लंडनला राहणारी लेक फोनवर सांगते, गरम पाण्यातच कालवा, तिथे तसंच शिकवतात. आजींना वाटतं, गरम पाण्यात जीवनसत्त्वं जातील. शिवाय रात्रीचं दूध आधीच करून ठेवलं तर चालेल का, उन्हाळ्यात वरून पाणी द्यायचं का, आणि बाटली बरी की बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी), असंही त्यांनी विचारलंय.

ताई, लेकीचं ऐका. तुमच्या नातवापुरतं तरी तिचंच बरोबर आहे.

सव्वीस वर्षं मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, त्यातली बरीचशी वऱ्हाडातल्या सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात गेली. डब्याच्या दुधाबद्दल घरोघरी एक समजूत पक्की असते: सीलबंद डबा म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक. तसं नसतं. सलाईनची बाटली निर्जंतुक असते, डब्यातली पावडर नसते. कारखान्यात दूध तापवतात, वाळवतात, पण वाळवताना, मिसळताना, भरताना एखाददुसरा जंतू आत शिरू शकतो आणि कोरड्या पावडरीत महिनोन्महिने झोपून राहू शकतो. त्यातला बदनाम जंतू म्हणजे क्रोनोबॅक्टर. जुन्या पुस्तकांत तो एन्टेरोबॅक्टर साकाझाकी या नावानं सापडेल. दुसरा साल्मोनेला. क्रोनोबॅक्टरचा आजार विरळा आहे, हेही सांगते, नाहीतर तुम्ही डबा उचलून फेकून द्याल. पण होतो तेव्हा तो बहुतेक दोन महिन्यांच्या आतल्या, कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना गाठतो. रक्तात पसरतो, मेंदूज्वर होतो, आणि वाचलेल्या बाळांपैकी काहींच्या मेंदूला कायमची इजा राहते. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कारखान्यात हा जंतू सापडला, डबे बाजारातून परत घ्यावे लागले आणि तिथे महिनोन्महिने दुधाची टंचाई झाली. श्रीमंत देशातल्या यंत्रांमधूनही तो निसटतो, म्हणून शेवटची राखण घरातच करायची.

आता पाण्याकडे या. पाणी उकळून कोमट करता तेव्हा पाण्यातले जंतू मरतात. पावडरमधल्यांना काहीच होत नाही. उलट त्यांना ओल मिळते, साखर मिळते आणि हवी तशी ऊब मिळते. दही लावताना आपण दूध कोमट का करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये सांगितलं की पावडर घालताना पाणी 70 अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं नसावं. एवढ्या उष्णतेत क्रोनोबॅक्टर टिकत नाही. ब्रिटनमध्ये हेच शिकवतात, तुमच्या लेकीनं तेच ऐकलंय.

मग डब्यावर कोमट का लिहितात? एक म्हणजे भाजण्याची भीती, आणि ती खोटी नाही. दुसरं म्हणजे जीवनसत्त्वं. क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, ते खरं. पण ते नुकसान किरकोळ असतं, आणि तीन आठवड्यांच्या नाजूक बाळाच्या बाबतीत मी ते डोळे मिटून पत्करते. काही डब्यांत मुद्दाम चांगले जंतू घातलेले असतात, ते गरम पाण्यात मरतात, म्हणूनही कंपन्या कोमटाचा आग्रह धरतात. तसा डबा असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण मी स्वतः इतक्या लहान बाळाला तो लिहून देत नाही. पाच महिन्यांचं, पूर्ण दिवसांचं, धट्टंकट्टं बाळ असेल आणि आई उकळून कोमट केलेल्या पाण्यात दूध कालवून लगेच पाजत असेल, तर मी तिच्याशी वाद घालत नाही. तुमचा नातू त्या गटात नाही.

70 अंश ओळखायचे कसे? पुस्तकात लिहितात, पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरा. ते लिटरभर पाण्याचं गणित आहे. आपण गॅसवर छोट्या पातेल्यात वाटीभर पाणी ठेवतो, ते अर्ध्या तासात पार निवतं. तेव्हा खळखळून उकळी आली की गॅस बंद करा, झाकण ठेवा आणि पाच मिनिटांत वापरा. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर मिळाला तर एकदा मोजून पाहा, म्हणजे तुमच्या पातेल्याचा स्वभाव कळेल. आधी पाणी मापून घ्या, मग पावडर घाला, ढवळा, आणि ते भांडं गार पाण्याच्या वाडग्यात ठेवा. वाडग्यातलं पाणी भांड्याच्या काठाखालीच राहू द्या. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाका, ते गरम वाटता कामा नयेत. ही पायरी झोपेच्या गुंगीतही चुकवू नका. जंतूंना मारायला निघालो आणि बाळाची जीभ भाजली, असं व्हायला नको. मायक्रोवेव्हमध्ये मात्र दूध गरम करू नका, ते बाहेरून कोमट लागतं आणि मधेच एखादा घोट चटका देणारा असतो.

तुम्ही यवतमाळकडच्या आहात म्हणून पाण्याचं आणखी एक विचारते: घरी बोअरचं पाणी आहे का? केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलढाणा ही आपलीच नावं आहेत. नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं तसं उलट ते दाट होतं. मोठ्यांना फारसं जाणवत नाही, पण लहान बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्यानं कमी होते, ओठ आणि नखं निळसर पडतात. पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. तपासणी झालेली नसेल तर बाळाच्या दुधापुरतं आरओचं पाणी आणा, आणि तेही उकळा.

आता मापाचं. मी पाहिलेली सर्वात जास्त हानी क्रोनोबॅक्टरनं नाही, पातळ दुधानं केली आहे.

एक बाळ आठवतं. अडीच महिन्यांचं, झटके येत होते म्हणून आणलेलं. ताप नाही, मेंदूज्वर नाही. रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, खूप खाली गेलेलं. आजीला विचारलं, दूध कसं करता? आजी म्हणाली, दोन चमचे आणि बाटली भरून पाणी. बाटली होती 250 मिलीची. घरात पैशाची ओढ होती आणि डबा महिनाभर पुरवायचा होता. त्या माऊलीनं काही वाईट चिंतलं नव्हतं, चहात पाणी वाढवतो तसं तिनं वाढवलं. बाळ वाचलं, पण तीन दिवस आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक डब्यांचं माप आहे: 30 मिली पाण्याला एक चमचा, तोही डब्यातलाच. दुसऱ्या कंपनीचा नाही, पोह्याचा तर मुळीच नाही. चमचा सैल भरायचा आणि सुरीच्या पाठीनं सपाट करायचा. दाबून भरायचा नाही, शीग ठेवायची नाही. शीग ठेवली की दूध दाट होतं, आणि दाट दूध पातळाइतकंच वाईट. त्यातले क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत, शरीरातलं पाणी ओढलं जातं, बाळ तहानेनं रडतं, आपण म्हणतो भूक लागली आणि पुन्हा तेच पाजतो. 90 मिली पाण्यात तीन चमचे घातले की दूध साधारण 100 मिली होतं. घाबरू नका, ते बरोबर आहे. पावडर आधी टाकून मग 90च्या खुणेपर्यंत पाणी भरलं, तर पाणी कमी पडतं. म्हणून पाणी आधी.

यात दोन फसगती ठाऊक असाव्यात. कमी दिवसांच्या बाळांसाठी वेगळा डबा मिळतो, त्याचं प्रमाण वेगळं असू शकतं. तुम्हाला कुठला लिहून दिलाय ते वाचून घ्या. आणि परदेशातून येणारे डबे! अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांतला चमचा मोठा असतो, तो 60 मिली पाण्याला एक असा. पुण्यात एका घरी मामानं न्यू जर्सीहून डबा आणला आणि आईनं सवयीनं 30 मिलीला एक चमचा घातला. बाळाला दुप्पट दाट दूध जात होतं. चार दिवस शी होईना म्हणून माझ्या मैत्रिणीकडे आणलं, तेव्हा उलगडा झाला. उलट तिकडे बाळंतपणाला गेलेल्या आज्या इथली सवय घेऊन जातात, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

दूध नीट मापात जातंय का, हे ओळखायची माझी युक्ती साधी आहे. मी आईला चमचे विचारत नाही, डबा किती दिवस पुरला ते विचारते. चार किलोच्या बाळाला, नुसतं डब्याचंच दूध असेल तर, दिवसाला सहाशे मिलीच्या आसपास लागतं. म्हणजे रोज 80 ते 90 ग्रॅम पावडर. 400 ग्रॅमचा डबा पाच दिवसांत संपायला हवा. कुणी म्हणालं, पंधरा दिवस जातो, की मला पुढचं काही विचारावं लागत नाही. तुमच्याकडे अंगावरचंही चालू आहे, म्हणून डबा जास्त दिवस जाईल, ते ठीक. पण खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना तोंडावर सांगा. लाजू नका. पाणी वाढवण्यापेक्षा तो प्रश्न सोडवणं सोपं आहे.

नातवाला किती? पहिला आठवडा सरला की किलोमागे दिवसाला साधारण 150 मिली, कमी दिवसांच्या बाळाला थोडं जास्तही सांगतात. आज तो समजा 2 किलो 400 ग्रॅमचा असेल तर दिवसभरात 360 मिली, आणि यात अंगावरचं दूध धरलेलं आहे. प्रत्येक वेळी आधी अंगावर घ्यायचं, दोन्ही बाजूंना, मग वरचं. हा क्रम उलटा झाला की बाळ पोट भरून झोपतं, अंगावरचं ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध आणखी आटतं. डबा सुरू झाला म्हणजे सुनेचं दूध संपलं, असं कृपा करून घरात कुणी म्हणू नका. पाजून झाल्यावर तिला हातानं दूध काढायला शिकवा, किंवा रुग्णालयातल्या सिस्टरना शिकवायला सांगा. ते काढलेलं दूध वरच्या दुधाच्या आधी द्यायचं. पुष्कळ जणींचा डबा महिन्या-दीड महिन्यात सुटलेला मी पाहिलाय. जवळपास मातृदुग्ध पेढी असेल तर तेही विचारा. मुंबईला शीवच्या रुग्णालयात 1989 मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू झाली, आता इतर शहरांतही आहेत, आणि कमी दिवसांच्या बाळांना तिथे प्राधान्य मिळतं.

आकड्यांना चिकटून मात्र राहू नका. बाळ मूठ चोखतं, मान वळवून तोंड उघडतं, तेव्हा पाजायचं. रडणं ही भुकेची शेवटची पायरी. तोंड फिरवलं की थांबायचं, उरलेले दहा मिली कोंबायचे नाहीत. दिवसाला सहा वेळा तरी लंगोट चांगलं ओलं होतंय आणि वजन रोज 20 ते 30 ग्रॅमनं वाढतंय, म्हणजे पुरतंय. वजन एकाच काट्यावर करा, किराणा दुकानातल्या नको.

रात्रीचं करून ठेवायचं का? नाही. दूध भाकरीसारखं, त्या त्या वेळेला ताजं. करून खोलीत ठेवलेलं दूध दोन तासांत संपवा, नाहीतर ओता, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात मी तर एका तासाच्या वर ठेवू देत नाही. बाळाचं तोंड लागलेलं दूध तासाभरानंतर ठेवायचंच नाही, कारण लाळेतले जंतू त्यात उतरलेले असतात. महागाचं दूध ओतताना जीव तुटतो, मला कळतं. त्यावर उपाय म्हणजे कमी कालवा, 30 मिलीच कालवा, लागलं तर परत करा. फ्रिजमध्ये ठेवायची वेळच आली तर लगेच गार करून आतल्या फळीवर ठेवा, दारात नाही, 5 अंशांच्या खाली, आणि 24 तासांच्या आत वापरा. पण ज्या गावात वीज दिवसातून चारदा जाते तिथे फ्रिजवर भरवसा कसला.

रात्रीसाठी याहून चांगली सोय आहे: थर्मासमध्ये उकळतं पाणी भरा, दूध नाही. पावडर डब्यातच राहू द्या. बाळ उठलं की मापून पाणी, चमचा, ढवळणं, गार करणं, पाच-सात मिनिटांचं काम. चांगला थर्मास काही तास पाणी 70च्या वर ठेवतो, एकदा थर्मामीटरनं खात्री करून घ्या. एसटीनं, रेल्वेनं जाताना हेच. तयार कोमट दूध थर्मासमध्ये भरून नेणं म्हणजे जंतूंचं कारखान्यात करतात तसं संगोपन, आणि दुर्दैवानं मी हे दर आठवड्याला कुणाच्या तरी पिशवीत पाहते.

उन्हाळ्यात वरून पाणी? सहा महिन्यांच्या आत, आणि एवढ्या लहान बाळाला, नको. अंगावरच्या दुधात आणि नीट मापून केलेल्या दुधात पुरेसं पाणी असतं. उकडतंय तर जास्त वेळा पाजा, बाळाला पातळ सुती झबलं घाला, खोली हवेशीर ठेवा. पाण्यानं पोट भरलं की दूध कमी जातं, वजन थांबतं. साखरेचं पाणी, ग्राइपवॉटर, मधाचं बोट, यांतलं काहीच नको. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा अंग लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. गुटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगून टाकते. सहाण, वेखंड, बोट, पाणी, यांतलं काय उकळलेलं असतं? आपण 70 अंशांची एवढी कसरत करायची आणि वर ओल्या सहाणेवरची गुटी चाटवायची, याला अर्थ नाही.

बोंडलं की बाटली, यात मी बोंडल्याच्या बाजूची. तुमच्याकडे चांदीचं असेल कपाटात, नामकरणाला मिळालेलं. किंवा साधी वाटी आणि चमचा. त्यात फटी नसतात, आत हात जातो, घासता येतं. बाटलीच्या निपलमध्ये आणि झाकणाच्या आट्यांत दुधाचा पापुद्रा बसतो, तो दिसत नाही. शिवाय अंगावर पिणाऱ्या बाळाला बाटलीची सोपी धार लागली की ते अंगावर ओढायला कंटाळतं. बोंडल्यानं पाजताना बाळाला जवळजवळ बसतं धरा, तोंडाच्या कोपऱ्यात थोडं थोडं सोडा, गिळलं की पुढचं. आडवं झोपवून ओतू नका. बाटली वापरावीच लागली तर ती आडवी धरा, मधे मधे थांबा, आणि उशीला टेकवून बाळाच्या तोंडात देऊन स्वतः कामाला जाऊ नका. खुणांची बाटली पाणी मापायला मात्र उपयोगी पडते, बोंडल्यावर खुणा नसतात.

भांडी आधी साबणानं ब्रश घालून घासा, मग पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा, वापरेपर्यंत झाकून ठेवा. बाहेर काढायला सांडशी, तीही उकळलेली. आणि आतून पदरानं पुसू नका! मी रुग्णालयात रोज ओरडते त्यावरून. पुसायचंच नाही, निथळू द्या. हात साबणानं धुऊन मगच डबा उघडायचा. ओला चमचा परत डब्यात नको. डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि लेबलावर लिहिलेल्या मुदतीनंतर, सहसा तीन-चार आठवडे, उरलेली पावडर बाळाला देऊ नका. डबा फ्रिजमध्येही नको, ओल धरतो.

डबा कुणी सुचवावा, हेही महत्त्वाचं. 1992च्या कायद्यानं आपल्याकडे शिशुदुधाची जाहिरात, फुकट नमुने, डब्यावर बाळाचं चित्र, सगळ्यावर बंदी आहे, आणि 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. औषधाच्या दुकानातला मुलगा ‘हा घ्या, यानं वजन लवकर वाढतं’ म्हणाला तर हसून सोडून द्या. चहात घालायची दूध पावडर, गोड घट्ट दूध, गाईचं पाणी घातलेलं दूध, हे बदली म्हणून नाहीत. गाईच्या दुधात लोह फार कमी, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना जड. वर्षाचा होईपर्यंत ते मुख्य दूध म्हणून नको.

आणि हे दिसलं तर सकाळची वाट न पाहता निघा: पाजायला उठवलं तरी उठत नाही, दूध ओढत नाही, काखेतला ताप 37.5 अंशांच्या वर किंवा अंग गार पडलंय, टाळू फुगलीय, हिरवी उलटी, झटके, शीमध्ये रक्त, किंवा सहा-आठ तास लंगोट कोरडं. जाताना डबा आणि त्यातला चमचा सोबत घ्या. तुम्ही दूध कसं कालवता ते मी तोंडी ऐकण्यापेक्षा, समोर एकदा करून दाखवायला सांगते.